टाकीतलं हिरवं

सकाळी चहाचा कप घेऊन भगवंत माशांच्या काचेच्या टाकीसमोर उभा राहिला आणि घोट त्याच्या तोंडातच राहिला. डाव्या अंगाच्या खडकावर, जांभळ्या प्रवाळाच्या बुंध्याशी, एक हिरवं पीस उगवलं होतं. काल नव्हतं आणि आज होतं. करंगळीच्या पेराएवढं, मधे दांडा, दोन्ही बाजूंना बारीक केस, पंपाच्या झोतात अगदी ऐटीत डोलत होतं. दुसऱ्या कुणाला ते सुंदरही वाटलं असतं, कारण दुसऱ्या कुणाला काही कळत नव्हतं. भगवंतला त्याचं नाव माहीत होतं. ब्रायोप्सिस. शेवाळातलं सगळ्यात कोडगं शेवाळ. उपटावं तर तुटतं, आणि तुटलेला प्रत्येक तुकडा पाण्याबरोबर जाऊन दुसऱ्या खडकावर बूड टेकतो. गोगलगायी त्याला तोंड लावत नाहीत. ज्या टाकीत ते शिरतं त्या टाकीचा मालक शेवटी हात टेकतो आणि सगळा समुद्र मोरीत ओतून मोकळा होतो, असं त्यानं इतरांच्या बाबतीत वाचलं होतं आणि वाचताना प्रत्येक वेळी नाक मुरडलं होतं. असल्या लोकांनी मुळात टाकी ठेवूच नये, असं त्याचं ठाम मत होतं. घाणेरड्या हातांची, आळशी माणसं. आतून त्याच्या बायकोनं, नलूनं विचारलं, "अहो, पोहे टाकू का?" त्यानं तोंडातला चहा गिळला. तो गार झाला होता.

बोईसरच्या बेटेगावकडच्या अंगाला, नव्यानं उठलेल्या इमारतींपैकी एकीत त्याचा फ्लॅट होता, आणि त्या फ्लॅटच्या खिडकीतून जे जे दिसायचं त्याचा भगवंतला मनापासून तिटकारा होता. समोरच्या रस्त्यावरची टमटमची रांग, कंपनीच्या गेटवरून सुटणारे आणि तोंडातल्या पिचकाऱ्या नेमक्या दुभाजकावर मारणारे लोक, वाऱ्याची दिशा बदलली की नाकात शिरणारा तो गोडसर, कुजका, औषधी वास, ज्याला इथले लोक आता वास म्हणतच नाहीत. कारखान्यात तो प्रयोगशाळेचा प्रमुख होता. हाताखालचा हितेश नावाचा पोरगेला केमिस्ट त्याला 'सर' म्हणायचा आणि पाठ वळली की मोबाइल काढायचा. शेजारचा डॉक्टर आपल्या गप्पी माशांच्या बरणीला 'माझं ॲक्वेरियम' म्हणायचा, त्या डॉक्टरशी भगवंत लिफ्टमध्येही बोलायचा नाही. टाकीवाल्यांच्या एका ग्रुपवर तो होता, पण तिथं तो फक्त वाचायचा आणि मनातल्या मनात एकेकाचा पाणउतारा करायचा. एकटी ही टाकी अशी होती की जिच्याकडे बघताना त्याच्या तोंडाला कडू चव यायची नाही. निळा उजेड, हळू उघडमीट करणारी प्रवाळं, जोडीनं फिरणारे दोन नारिंगी क्लाऊन मासे. मीठ परदेशी, पाणी प्रयोगशाळेतलं, निर्मळ केलेलं. ते तो स्वतः कॅनमधून घरी आणायचा. पूर्वी ते कॅन नलू घरी नुसत्या पाण्यानं खळबळायची. ते बघून त्याला शिसारी आली होती. दिवाळीच्या सुमाराला त्यानं ते काम स्वतःकडे घेतलं आणि कॅन प्रयोगशाळेतच, काचेची भांडी धुवायच्या पावडरीत भिजत घालून धुवायला लागला. "नुसत्या पाण्यानं काय वाईट होतं?" असं नलू म्हणाली होती. त्यावर त्यानं तिला असं काही ऐकवलं होतं की त्यानंतर ती कॅनला शिवली नाही.

आणि दिवाळीनंतरच अप्पा आले होते. अप्पा म्हणजे त्याचे वडील, नागोराव. उदगीरकडचं गाव, आई जाऊन बरीच वर्षं झालेली, इतके दिवस ते धाकट्या पंढरीकडे होते. पंढरीचं लातूरला खतांचं दुकान आणि दुकानामागं गोदाम. त्या गोदामातल्या एका कोपऱ्यात अप्पांची खाट, वरून डबा यायचा, पोती उचलणारे हमाल सोडले तर बोलायला कुणी नाही. नलूनं एकदा ते बघितलं होतं आणि बघून आल्यावर ती म्हणाली होती, "मामांना आपण इकडंच आणू." भगवंतनं मान हलवली होती, कारण नाही म्हणायला कारण सापडलं नव्हतं. अप्पा आले ते कायमचे आले. एक वळकटी, एक पिशवी, आणि तो घसा खाकरण्याचा आवाज. पहिल्याच दिवशी टाकीसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. भगवंत मागं उभा होता. काही म्हटलं तरी माणूस कौतुकाची वाट बघतोच.

"हे काय करतेत?" अप्पांनी विचारलं.

"काही करत नाहीत. असतात."

"आन् पाणी खारं हाय म्हणं?"

"समुद्रातले आहेत, अप्पा. खारंच लागतं."

"आपल्याकडं बोरला खारं पाणी लागलं तर मानूस कपाळाला हात लावतंय," अप्पा म्हणाले. "आन् तू मीठ इकत आणून कालवायलास." मग ते हसले, खोकले, आणि संडास कुठंय ते विचारून तिकडं गेले. टाकीचा विषय संपला. भगवंतला वाटलं, आपण इतकी वर्षं शिकलो, इतक्या दूर आलो, एवढ्या निगुतीनं हे उभं केलं, ते या एका खोकल्यात वाहून गेलं. नलू मात्र स्वयंपाकघरात हसत होती. तिला अप्पा आवडत. संध्याकाळी ते बेटेगावच्या रस्त्यानं फिरून येत आणि वाटेत कोण भेटलं, कुणाची म्हैस व्याली ते तिला सांगत. बोईसरात राहून म्हशींची खबर आणणारा माणूस भगवंतनं दुसरा पाहिला नव्हता. जेवताना ते भाकरी दुधात कुस्करत आणि भुरका असा मारत की हॉलमध्ये ऐकू यावा. तो भुरका ऐकला की भगवंतच्या मानेची शीर ताठ व्हायची. माणूस बारा वर्षांचा असो की पंचेचाळीसचा, काही आवाज थेट मणक्यात शिरतात.

पीस दिसल्यापासून त्याचे दिवस त्या पिसाभोवती फिरायला लागले. एकाचे चार झाले, चाराचं रान. सुट्टीच्या दिवशी तो स्टूल घेऊन बसायचा, एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात नळी, म्हणजे तुटेल ते लगेच ओढून बाहेर. मग दात घासायचा ब्रश. बाह्या कोपरावर, पाठ वाकलेली, पाण्यात बुडालेला हात निळ्या उजेडात मेल्यासारखा दिसायचा. त्या खरवडण्यातून त्याला नको ते आठवायचं. गावच्या घरापुढचा जनावरांचा हौद. उन्हाळा लागला की त्याला हिरवं साकळायचं आणि ते घासायचं काम भगवंतचं. अप्पा सगळं पाणी उपसून घ्यायचे, विटेचा तुकडा हातात द्यायचे आणि त्याला आत उतरवायचे. तळाचं बुळबुळीत त्याच्या पायाच्या बोटांमधून वर यायचं. एकदा घसरून तो पालथा पडला. हौदाच्या काठावर गावातली चार माणसं तंबाखू मळत बसलेली. अप्पा त्यांच्याकडे बघत म्हणाले, "ह्याला इंग्रजी वाचता येतंय, पण उभारता येईना." माणसं हसली. अप्पा सगळ्यात जास्त हसले. तोंडात गेलेल्या त्या तळच्या पाण्याची चव त्याला अजून आठवत होती. मग अप्पांनी कडेनं बोट फिरवून बघितलं होतं आणि म्हणाले होते, "न्हाई निघालं. परत घास." इतकी वर्षं झाली, तो माणूस आता त्याच्याच सोफ्यावर मान कलती करून झोपायचा, घोरायचा, आणि भगवंत त्याच्याकडे पाठ करून खडक घासायचा. निघत नव्हतं. हे अप्पांना कळू नये म्हणून तो त्यांच्यासमोर अशा आविर्भावात घासायचा की जणू हे नेहमीचंच काम आहे.

धुणीभांडी करायला किनाऱ्यावरच्या नवापूरहून रंभाबाई यायची. तिनं फरशी पुसता पुसता एकदा मान वर करून बघितलं. "आमाला तर हसू येतं भाऊ," ती म्हणाली, "तुमी समुंदर पेटीत भरून ठेवलाय, नि आमी समुंदराचं पानी घरात येऊ नाय म्हणून उंबऱ्याला बांध घालतो." अप्पा यावर दिलखुलास हसले. दोघांची चांगली गट्टी जमली होती. भगवंतनं चिमटा बादलीत टाकला. या घरात येणाऱ्या प्रत्येकाला टाकीबद्दल काहीतरी बोलायचं होतं आणि कुणालाच काही विचारायचं नव्हतं.

शेवाळ हवेवर वाढत नाही. त्याला खाऊ लागतो. भगवंत केमिस्ट होता, त्यानं शेवटी केमिस्टसारखा विचार करायचं ठरवलं. टाकीतलं पाणी एका छोट्या काचेच्या नळीत घेतलं, त्यात तपासणीचे थेंब टाकले. पाणी स्वच्छ राहिलं तर ठीक, निळं झालं तर पाण्यात फॉस्फेट आहे. म्हणजे शेवाळाचं खत. पाणी निळं झालं. चांगलं निळं. त्यानं माशांचं खाणं तपासलं, मिठाचा नवा पुडा फोडून तपासला, नळाचं पाणी तपासलं, ते टाकीत जातच नव्हतं तरी तपासलं, कारण त्याचा नळावर विश्वास नव्हता. प्रत्येक वेळी नळी उजेडाकडे धरून डोळे बारीक केले. हितेशला त्यानं चाचणीचं द्रावण ताजं आहे का म्हणून झापलं. फक्त कॅनमधलं पाणी तपासावं असं त्याच्या मनातही आलं नाही. ते त्याच्या प्रयोगशाळेचं होतं, त्याच्या पावडरीनं, त्याच्या हातानं धुतलेल्या कॅनमधलं. माणूस घरातल्या चोराचा शोध घेताना स्वतःचे खिसे तपासत नाही.

मग एका सुट्टीच्या दुपारी त्याला सापडलं. जेवणाची ताटं वाढलेली होती. अप्पा पाटावर बसले, भाकरीचा एक घास मोडला, आणि तो हातात तसाच धरून उठले. "आलो बाई," नलूला म्हणाले आणि हॉलमध्ये गेले. भगवंत पाणी घ्यायला उठला होता, स्वयंपाकघराच्या दारात थांबला. अप्पा टाकीच्या मागच्या कोपऱ्याशी टाचा उंचावून उभे होते. झाकणाच्या फटीतून त्यांनी घास पाण्यात सोडला. दोन्ही नारिंगी मासे धावत वर आले. भगवंत टाकीजवळ गेला की हल्ली ते खडकामागं दडायचे, चिमट्याची धास्ती घेतलेली. अप्पांच्या बोटांपाशी मात्र ते असे आले जशी गोठ्यातली वासरं येतात. अप्पांनी डाव्या हातानं कपाळाला हलकासा स्पर्श केला, काहीतरी पुटपुटले, आणि जेवायला परत फिरले.

भगवंतला राग आला नाही. त्याला आनंद झाला. छातीत उबदार असं काहीतरी पसरलं, जे बऱ्याच वर्षांत पसरलं नव्हतं. सापडले, त्याच्या मनात आलं. गायीचा घास. गावाला अप्पा पहिला घास गायीला दिल्याशिवाय तोंडात काही घालत नसत. लग्नात, प्रवासात, कुठंही असोत, गाय दिसेपर्यंत ते घास पानाबाहेर काढून ठेवत. पंढरीकडे दुकानापुढं मोकाट गायी असायच्या. इथं लिफ्टनं वर आलेल्या घरात गाय कुठून येणार? म्हणून त्यांनी घरातलं जे जनावर होतं त्याला घास लावून दिला होता. आल्यापासून दोन्ही वेळा. ज्या पाण्यात त्यानं नखभर धूळ पडू दिली नव्हती त्या पाण्यात ज्वारीची भाकरी. दुसऱ्या कुणाच्या टाकीत असं झालं असतं तर तो हसला असता, पण आत्ता तो हसला नाही. तो शांतपणे कपाटाकडे गेला, नळ्या आणि थेंबांची बाटली काढून आणली, आणि जेवणाच्या ताटांच्या मधोमध ठेवली.

"हे बघा अप्पा," तो म्हणाला. एका नळीत पिण्याचं बाटलीबंद पाणी घेतलं, एकीत टाकीचं. दोन्हींत थेंब. एक तसंच राहिलं, दुसरं निळं होत गेलं. "हे निळं म्हणजे खत. यानंच ते हिरवं वाढतंय. तुम्ही रोज भाकरी टाकता त्यात."

"खत म्हंजे?" अप्पांनी विचारलं. "युरियासारखं?"

"तसलंच समजा."

"भाकरीत आसतंय व्हय?" अप्पा नळीकडे बघत होते. "येवढुशा घासानं?"

"एवढुशानंच."

"अहो, चिमणीएवढा घास असतो तो," नलू म्हणाली. "आधी तुम्ही स्वतः केवढं खाणं घालत होता..."

"तुला यातलं कळतं का काही?" भगवंतनं विचारलं. आवाज चढवला नाही. त्याला चढवावा लागत नसे. नलू ताटाकडे बघायला लागली. अप्पांनी नळी हातात घेतली, उजेडाकडे धरली, अगदी भगवंत धरायचा तशीच. "निळं हाय खरं," ते म्हणाले. "माझ्या ध्यानात न्हाई आलं. मुकं जित्राब हाय, घरात हाय, तर तेला दिल्याबगर कसं खावं म्हणलो. न्हाई टाकणार आता." आणि ते जेवायला बसले. घास उचलला, खाली ठेवला, परत उचलला. त्या दिवशी त्यांनी दूध अर्धं ठेवलं.

त्यानंतर अप्पांचं जेवण कमी झालं. ते रुसले मुळीच नाहीत. फक्त ताटावर बसले की त्यांचा हात थांबायचा. काही दिवस त्यांनी घास गॅलरीच्या कठड्यावर ठेवून बघितला. कावळा आला नाही, कबुतरं आली, आणि खालच्या मजल्यावरून तक्रार आली. भगवंतनं तीही अप्पांना नीट समजावून सांगितली. कुणाला काही समजावून सांगताना त्याचा आवाज फार गोड व्हायचा. मग अप्पा रंभाबाईच्या फडक्यात घास बांधून द्यायला लागले, की नवापूरला जाशील तेव्हा एखाद्या गायीला घाल. "घालते आजोबा," ती म्हणायची. पण दुसऱ्याच्या हातानं दिलेल्या घासानं अप्पांचं समाधान होत नसावं. गळ्याची हाडं वर आली. नलू एकदा रात्रीची भांडी आवरताना म्हणाली, "मामा वाळायलेत. तुम्ही त्यांना सांगा ना, एक घास टाका म्हणून. नाहीतरी ते शेवाळ कुठं जातंय." तो म्हणाला, "जाईल." आणि त्याच आठवड्यात त्यानं पंढरीला फोन करून सांगितलं की अप्पांना इथली हवा मानवत नाही, खोकला वाढलाय, कारखान्यांचा धूर आहे, त्यांना तिकडंच बरं पडेल. पंढरी म्हणाला, "गोदामात पत्रा तापतोय दादा." भगवंत म्हणाला, "पंखा लाव." फोन ठेवल्यावर त्याला जाणवलं की आपण आत्ता जे बोललो त्यात एकही शब्द खोटा नव्हता. धूर होता. खोकला होता. फक्त सगळं मिळून खोटं होतं, पण तेवढ्या खोलात जायची त्याला गरज वाटली नाही.

शेवाळावरचा शेवटचा उपाय म्हणजे माणसांच्या नायट्यावरची गोळी. ती पाण्यात विरघळवली की हे शेवाळ मरतं, असं ग्रुपवरचे शहाणे सांगत, आणि या एका बाबतीत त्यांचं म्हणणं त्याला पटवून घ्यावं लागलं. बोईसर स्टेशनजवळच्या औषधाच्या दुकानात त्यानं इतक्या गोळ्या मागितल्या की काउंटरवरचा माणूस पुढं वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "बहुत फैल गया है क्या, सर? अंदर की तरफ है? साथ में पावडर भी लगाओ, सूखा रखना." मागं रांगेत कारखान्याचे दोन कामगार उभे होते, त्यातला एक त्याला ओळखत होता. टाकीसाठी हव्यात असं म्हणावं तर आणखी वेड्यात निघायचं. भगवंतनं पावडरचा डबाही घेतला. घरी येईपर्यंत तो त्या माणसाला, त्या कामगारांना आणि एकूण बोईसरच्या समस्त जांघांना मनातल्या मनात शिव्या देत होता. तो डबा त्यानं जिन्याखालच्या कचऱ्याच्या पिंपात टाकला.

गोळ्यांनी काम केलं. पिसं पिवळी पडली, पांढरी पडली, झडायला लागली. खडक दिसायला लागला. भगवंत रोज सकाळी बघायचा आणि त्याला वाटायचं, घास थांबला, औषध लागू पडलं, सगळं कसं सुताला सूत जुळलं. अप्पाही येऊन बघायचे, पण हल्ली दोन पावलं मागं उभं राहून, हात पाठीशी बांधून, देवळात परजातीचा माणूस उभा राहावा तसे. मासे त्यांना बघून कोपऱ्यात गोळा व्हायचे. "न्हाई रे बाबा, न्हाई," ते माशांना म्हणायचे. जायचं ठरल्याचं भगवंतनं सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "नलूला सांगितलास का?" मग आपल्या खोलीत जाऊन वळकटीची दोरी शोधायला लागले. कारखान्यातल्या उदगीर-नांदेडकडच्या लोकांनी एका लग्नाला जायला क्रूझर गाडी ठरवली होती. तीत एक जागा होती. लातूरला पंढरी उतरवून घेणार होता.

निघायच्या दिवशी सकाळी नलू भाकऱ्या थापत होती. थापायचा आवाज नेहमीपेक्षा जोरात येत होता. भगवंत टाकीसमोर उभा राहिला, कप हातात. खडकावर, जुन्याच जागी, हिरवं होतं. एक नाही. पांढऱ्या पडलेल्या दांड्यांच्या बुडातून कोवळी, ताजी, पोपटी टोकं फुटलेली होती, मागच्या काचेलाही आणि पंपाच्या तोंडाशीही. त्यानं चिमटा शोधला, सापडला नाही, तेव्हा तसाच हात घातला आणि नखांनी ओरबाडून काढलं. मग पाणी घेतलं, थेंब टाकले. निळं झालं. पहिल्यापेक्षा गडद. तो नळीकडे बघत राहिला. इतक्या दिवसांत या पाण्यात भाकरीचा कण गेला नव्हता. घास नव्हता तर हे कुठून आलं? हॉलमध्ये कोपऱ्यात कॅन उभा होता, कालच आणलेला, भरलेला. भगवंतची नजर त्याच्यावर थांबली. त्यानं दुसरी नळी घेतली. कॅनचं झाकण उघडलं. झाकणाच्या आट्यांमध्ये पांढरा, पिठूळ थर साकळलेला होता, भांडी धुवायच्या पावडरीचा. ती पावडर कशाची असते हे त्याला कुणी सांगायला नको होतं. हे तो दरवर्षी नव्या पोरांना शिकवायचा, की यात फॉस्फेट असतं, म्हणून भांडं पुन्हा पुन्हा विसळा. त्यानं कॅनमधलं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले, आणि डोळे न मिटता बघितलं. निळं. टाकीपेक्षाही निळं. शाईसारखं.

आत अप्पा नलूला सांगत होते की चटणी कमी दे, गाडीत सांडंल. किती सोपं होतं. चार पावलं आत जायचं आणि म्हणायचं, अप्पा, चूक झाली, वळकटी सोडा. नलू भाकरी तव्यावर तशीच सोडून हसली असती. अप्पाही हसले असते. हो, तेच. अप्पा हसले असते. कमरेवर हात ठेवून, हौदाच्या काठावर हसले होते तसे, मग संध्याकाळी बेटेगावच्या रस्त्यावर म्हशीवाल्याला सांगितलं असतं, दुसऱ्या दिवशी रंभाबाईला, की आमच्या केमिस्टानं साबणाच्या पाण्यात मासे ठेवले आन् आळ घातला भाकरीवर. त्याला ते वाक्य शब्दन् शब्द ऐकू आलं. खोकल्यासकट. त्यानं दोन्ही नळ्या मोरीत ओतल्या, नळ सोडला आणि निळं पाणी जाळीतून खाली जाईपर्यंत उभा राहिला. अप्पा असं म्हणाले असते की नाही, कुणास ठाऊक. कदाचित नसतेही म्हणाले. पण ते बघायचं म्हणजे आधी तोंड उघडायला हवं होतं, आणि तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला. स्वतःबद्दल जे वाटलं ते त्याच्या ओळखीचंच होतं. आजवर ते दुसऱ्यांच्या बाबतीत वाटायचं, इतकाच फरक.

त्यानं वळकटी उचलली. गाडीत आधीच माणसं भरली होती, मागं कुणाचं लेकरू रडत होतं. अप्पांना खिडकीशी जागा मिळाली. नलूनं भाकऱ्यांची पिशवी त्यांच्या मांडीवर दिली आणि पाया पडली. पदर डोळ्याला लावायची लाज न वाटणाऱ्यांपैकी ती होती. "मामा, घास काढून ठेवा, वाटेत गाडी थांबली की बघा," ती म्हणाली. अप्पा म्हणाले, "लई गायी हायत बाई आपल्याकडं. तेची काळजी नको." मग भगवंतकडे वळले.

"गेलं का रे ते हिरवं?"

नलू त्याच्याकडे बघत होती. सकाळी केर काढताना तिनं टाकी बघितली असणार, ती रोज बघायची.

"गेलं, अप्पा," भगवंत म्हणाला. "तुम्ही घास बंद केलात, तेव्हापासून गेलं."

अप्पांनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याचा हात धरला. खरबरीत, कोरडा हात. निरोपाला धरतात तसाच धरला, पण सोडला नाही, उलटा केला. भगवंतच्या नखांत ताजं, ओलं, पोपटी शेवाळ भरलेलं होतं. अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यभर हौद उपसलेला माणूस होता तो. त्यांनी आपल्या अंगठ्यानं त्याच्या अंगठ्याचं नख एकदा पुसलं. निघालं नाही.

"गेलं म्हणलास न," अप्पा म्हणाले, "मग गेलं."

त्यांनी हात सोडला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चल बाबा." ते हसले नाहीत. गाडी वळली, टमटमच्या रांगेतून वाट काढत दिसेनाशी झाली. भगवंतनं हात खिशात घातला. बाजूला बघितलं तर नलू केव्हाच जिना चढून वर गेली होती.